पाटी आणि रस्ता : दोन निर्णयांचे वाचन

या व्याख्यानमालेत आजवर कादंबरीवर झालं, नाटकावर झालं, अनुवादावर झालं. आम्ही महापालिकेच्या परिपत्रकांवर बोलणार म्हटल्यावर संयोजकांनी पुन्हा फोन करून विषय नक्की हाच ना, अशी खात्री करून घेतली. हाच. आम्ही कायद्याचे अभ्यासक नाही, वाङ्मयाचे विद्यार्थी आहोत. आमच्या हातात एकच हत्यार आहे, ते म्हणजे मजकूर नीट वाचणे. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, कोणता शब्द मुद्दाम वापरलाय आणि कोणता मुद्दाम गाळलाय, हे कवितेला विचारतो तेच प्रश्न आज आपण दोन सरकारी मजकुरांना विचारणार आहोत. पहिला मजकूर दुकानाच्या पाटीबद्दलचा. दुसरा रस्ता बंद ठेवण्याबद्दलचा. दोन्ही निर्णय आपल्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की आपल्याला भेटतात, आणि दोन्ही कुणी घेतले असं विचारलं तर आपल्याला सांगता येत नाही.

पाटीपासून सुरुवात करू. महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत असावी हा नियम नवा नाही. १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली १९६१ साली जे नियम झाले, त्यातच तो होता. पण तो बसला कुठे, ते बघा. भाषेच्या कायद्यात नाही, नगररचनेच्या कायद्यात नाही. तो बसला कामगारांच्या कायद्यात. नोकराला किती तास राबवायचं, आठवड्याची सुट्टी कधी द्यायची, रजा किती, याच्या शेजारी पाटीची भाषा. कारण साधं होतं. दुकानात जाऊन बघणारा सरकारी माणूस एकच, शॉप इन्स्पेक्टर. तो जातोच आहे तर पाटीही बघून येईल. सोय म्हणून ठीक. पण भाडेकरूला माळ्यावर जागा दिली की घरमालक जिना दुरुस्त करताना त्याची आठवण ठेवत नाही, तसंच पुढे झालं.

२०१७ साली राज्याने हा कायदाच नवा केला. डिसेंबर २०१७ पासून तो लागू झाला. उद्देश व्यवसाय सुलभ करण्याचा होता, म्हणून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना बहुतेक तरतुदींतून मोकळं केलं, त्यांनी नुसती सूचना दिली की झालं. आता आपल्या बाजारपेठेत दहा माणसं कामाला असलेली दुकानं किती? शनिपार ते मंडई चालत जा आणि मोजा. म्हणजे कामगार कायदा सैल करताना मराठी पाटीचा नियमही बहुसंख्य दुकानांवरून आपोआप उठला. कुणी तसं ठरवलं नव्हतं. विधानसभेत कुणी उभं राहून ‘लहान दुकानांना मराठीची सक्ती नको’ असं म्हटलं नव्हतं. जिना दुरुस्त झाला आणि माळा गेला. हे दुरुस्त व्हायला २०२२ उजाडलं. त्या वर्षी जानेवारीत मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, मार्चमध्ये दुरुस्ती झाली, आणि कामगारांची संख्या कितीही असो, प्रत्येक आस्थापनेची पाटी मराठी भाषेत, देवनागरी लिपीत असली पाहिजे असं ३६-क हे नवं कलम आलं.

या कलमाचं वाचन आम्ही जरा सावकाश करतो, कारण मजा तिथे आहे. कलम म्हणतं, दुसऱ्या भाषाही चालतील, पण मराठी आधी हवी, आणि मराठी अक्षरांचा आकार दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नको. वाचायला स्वच्छ. आता एखादा पाट्या रंगवणारा जुना पेंटर गाठा आणि त्याला विचारा. रोमन कॅपिटल अक्षर सगळी उंची व्यापतं. वर काही नाही, खाली काही नाही, चौकोनात ठोकळा बसवावा तसं. देवनागरीचं तसं नाही. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांना जागा लागते, आणि खाली उकार, ऋकार लोंबतात. ‘मूर्ती’ हा शब्द लिहा, वर रफार आणि वेलांटी, खाली दीर्घ ऊकार. मग ‘आकार’ मोजायचा कुठून कुठपर्यंत? वरच्या वेलांटीपासून खालच्या ऊकारापर्यंत मोजला, तर इंग्रजीइतक्याच पट्टीत बसवलेलं मराठी अक्षर अंगाने बारीक दिसतं. रस्त्याच्या पलीकडून बघितलं तर इंग्रजीच आधी डोळ्यांत भरतं, आणि टेप लावला तर कायदा पाळलेला असतो. शिरोरेषेपासून मूळ अक्षराच्या पायापर्यंत मोजला तर न्याय होईल, पण पाटी वाढेल, आणि पाटी वाढली की दुसऱ्या खात्याचा परवाना मध्ये येतो. त्याच्याकडे येतोच आम्ही. कलम लिहिणाऱ्यांनी एक तास एखाद्या अक्षर काढणाऱ्याशेजारी बसून घालवला असता तर हे टळलं असतं.

‘आधी’ म्हणजे काय, तेही बघा. वर की डावीकडे? दोन ओळींची पाटी असेल तर वरची ओळ. पण शेजारी शेजारी असेल तर? आणि दुकान कोपऱ्यावर असेल, दोन रस्त्यांकडे दोन पाट्या असतील, तर? हे प्रश्न किरकोळ वाटतात. पण दंड त्यांच्यावर ठरतो.

तिसरं, आणि आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. कलम ‘मराठी भाषेत, देवनागरी लिपीत’ म्हणतं. दोन अटी आहेत. प्रत्यक्षात मोजली जाते ती दुसरी. रस्त्यावर फिरलात तर दिसेल, ‘द फुटवेअर वर्ल्ड’, ‘लेडीज चॉइस’, ‘किड्स कॉर्नर’, ‘मोबाईल शॉपी’. लिपी देवनागरी, भाषा कोणती म्हणायची? आता ‘शॉपी’ हा शब्द तर आपल्याकडचा खास. इंग्लंडमध्ये तो शोधून सापडायचा नाही, म्हणून आम्ही उदार मनाने त्याला मराठी मानायला तयार आहोत. (हशा) पण बाकीचं? दुकानाचं नाव हे विशेषनाम आहे, त्याचं भाषांतर करायची सक्ती करता येत नाही, करूही नये. मान्य. पण नावाच्या खाली व्यवसाय सांगणारी जी ओळ असते, तिचं काय? ‘जेन्ट्स टेलरिंग मटेरियल’ च्या जागी ‘शिवणकामाचं साहित्य’ लिहिता येतं. एकेकाळी या शहराने दुकानाच्या पाटीची एक बोलीच घडवली होती. भांडार, वस्त्रभांडार, आणि मंडळी, बंधू, खानावळ, उपाहारगृह, ‘आमची कोठेही शाखा नाही’. चहाच्या दुकानाला ‘अमृततुल्य’ म्हणायला कुठल्याही कलमाने सांगितलं नव्हतं, तरी तो शब्द इतका चालला की आज पुण्याबाहेर कुठेकुठे दिसतो. हे शब्द दुकानदारांनी आणि गिऱ्हाइकांनी मिळून केले. कलम लिपी आणू शकतं, शब्द आणू शकत नाही, आणि आणू शकतं असा आव कलमाने आणू नये.

इथे आमची भूमिका स्पष्ट सांगतो, नाहीतर प्रश्नोत्तरांत गैरसमज होईल. मराठी पाटी हवीच. या नियमाला किरकोळ व्यापाऱ्यांच्या एका संघटनेने उच्च न्यायालयात आव्हान दिलं, ते फेब्रुवारी २०२२ मध्ये पंचवीस हजार रुपये खर्चासकट फेटाळलं गेलं. त्या निकालातला जो तर्क आहे, तो आम्हाला फार पटतो. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की ही पाटी दुकानदाराच्या सोयीसाठी नाही, दुकानात काम करणाऱ्यांसाठी आणि दुकानात येणाऱ्या लोकांसाठी आहे, आणि दुसऱ्या भाषेला मनाई कुठेच नाही. म्हणजे पाटी वाचणाऱ्याची. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही २५ सप्टेंबर २०२३ ला दोन महिन्यांची मुदत देताना व्यापाऱ्यांना, वकिलांवर खर्च करण्यापेक्षा पाटीवर करा, अशा अर्थाचं सुनावलं. दसरा-दिवाळी तोंडावर होती. छान झालं.

पण मग अंमलबजावणी बघा. मुंबईत आधी मे २०२२ ची मुदत, मग जून, मग सप्टेंबर, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात, आणि शेवटी २८ नोव्हेंबर २०२३ पासून महापालिकेची पथकं बाहेर पडली. दंड काय? दर कामगारामागे दोन हजार रुपये. पुन्हा बघा, कामगारामागे! पाटी एकच आहे, चूक एकच आहे, पण ज्याच्याकडे दहा माणसं पोटाला लागली आहेत त्याला दंड जास्त आणि ज्याने एकट्याने दुकान चालवून इंग्रजी पाटी लावली त्याला कमी. पाटीच्या लांबीशी, रुंदीशी, ती किती लोकांच्या नजरेस पडते त्याच्याशी दंडाचा काही संबंध नाही. कारण? कारण नियम कामगार कायद्यात बसलाय, आणि त्या कायद्याला एकच मोजमाप येतं, डोकी मोजायचं.

हे पुरेसं पडलं नाही म्हणून १ मे २०२४ पासून मुंबईत मराठी पाटी नसलेल्या दुकानांना दुप्पट मालमत्ता कर, असा निर्णय आला. महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त. आता मुंबईत भाड्याच्या आणि पागडीच्या गाळ्यांमध्ये किती दुकानं आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे. मालमत्ता कराचं बिल येतं ते मिळकतीवर. पाटी लावतो तो गाळेवाला. मग ही शिक्षा पाटीच्या मालकाला की इमारतीच्या मालकाला? मालक ती भाडेकरूवर ढकलणार आणि भाडेकरू म्हणणार, करार बघा. कर हा कर असतो आणि दंड हा दंड. दोन्ही शब्द मराठीत वेगळे आहेत ते उगाच नाहीत.

पुण्यात आणखी एक गंमत आहे. मुंबईत दुकाने व आस्थापना खातं महापालिकेचं आहे. पुण्यात तेच काम राज्याच्या कामगार विभागाकडे. म्हणजे आपल्या इथे पाटीवरची भाषा बघणार कामगार विभाग. पाटीचा आकार बघणार महापालिकेचा आकाशचिन्ह व परवाना विभाग. पाटी पदपथावर आली तर अतिक्रमण विभाग. पाटीखाली गाडी लागली तर वाहतूक पोलीस. एका पाटीला चार धनी, आणि तरीही पाटी अनाथ. आम्ही एकदा, यातल्याच एका कार्यालयात, वर सांगितलेला अक्षरांच्या उंचीचा प्रश्न घेऊन गेलो. नाव सांगत नाही. तिथून दुसरीकडे धाडलं, दुसरीकडून तिसरीकडे, आणि तिसऱ्या ठिकाणी चहा मिळाला. चहा चांगला होता.

‘आकाशचिन्ह’ हा शब्द मात्र सोडवत नाही. पहिल्यांदा वाचला तेव्हा ज्योतिष खातं आहे की काय असं वाटलं. मूळ इंग्रजी कायद्यातला ‘स्काय साइन’. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनमध्ये इमारतींच्या छपरांवर आकाशाच्या पार्श्वभूमीवर अक्षरं उभी करायची टूम निघाली, तिला आवर घालायला तिथे १८९१ साली खास कायदा झाला. तो शब्द तिथून मुंबईच्या कायद्यात आला, मुंबईहून बाकीच्या महापालिकांत, आणि कुणीतरी त्याचं शब्दाला शब्द ठेवून मराठी केलं. भाषेच्या शुद्धतेसाठी जे खातं दुकानदाराच्या दारात उभं राहतं, त्याच्या स्वतःच्या दारावर अशी पाटी असते की तिचा अर्थ आत बसलेल्याला विचारावा लागतो. (हशा) हसू नका, हा समीक्षेचा मुद्दा आहे. मराठी पाटी वाचणाऱ्यासाठी असेल, तर सरकारी पाटीलाही तीच कसोटी लावायला हवी.

आणि ती कसोटी एकदा लागली. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठीबरोबर उर्दूतही नाव लिहिलेलं होतं. ते काढा, अशी मागणी झाली, सरकारी कार्यालयांपासून उच्च न्यायालयापर्यंत वाद गेला, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उर्दू ओळ राहू दिली. तर्क पुन्हा तोच. नगरपरिषद आहे ती तिथल्या रहिवाशांची कामं करायला, त्यांच्यातल्या काहींना ती लिपी वाचता येते, मराठी तिथे आहेच, आणि मराठीबरोबर दुसरी भाषा लिहू नका असं २०२२ चा राजभाषेचा कायदाही म्हणत नाही. भाषा धर्माची नसते, माणसांची असते, या अर्थाचं विवेचन त्या निकालात आहे, आणि ते विस्ताराने आहे. आम्हाला हे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचावेसे वाटतात. मराठी हवी म्हणणारा आणि उर्दू राहू दे म्हणणारा निकाल एकाच वाक्यावर उभे आहेत, पाटी वाचणाऱ्याची. ज्यांना पहिला निकाल आवडला आणि दुसरा आवडला नाही, किंवा उलट, त्यांनी निकाल वाचला नाही, फक्त आपला संघ जिंकला की हरला ते बघितलं.

आता मोठी पाटी. इतका वेळ आपण दीड-दोन फुटांच्या पाट्यांबद्दल बोलतोय. १३ मे २०२४ ला घाटकोपरला छेडानगरजवळ पेट्रोल पंपावर जो फलक वादळात कोसळला, तो १२० फूट लांब आणि १२० फूट उंच होता. महापालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४०. गुणाकार करून बघा, सोळाशे चौरस फुटांच्या जागी चौदा हजार चारशे, नऊपट. सतरा माणसं गेली. पावसाला आडोसा म्हणून, पेट्रोल भरायला म्हणून थांबलेली माणसं. आणि दुसऱ्या दिवसापासून काय सुरू झालं? जागा कुणाची? लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली. मग परवाना कुणाचा? महापालिका म्हणते आम्ही दिला नाही, दुसरी बाजू म्हणते तुमचा लागतच नव्हता. पुण्याला हे नवीन नव्हतं. ५ ऑक्टोबर २०१८ ला जुना बाजार चौकात फलकाचा सांगाडा काढताना सिग्नलला थांबलेल्यांवर पडला, चार जण गेले, जागा रेल्वेची. १७ एप्रिल २०२३ ला किवळ्याला सेवारस्त्याच्या कडेला, पाच जण. पुन्हा आडोशाला उभी राहिलेली माणसं. ज्या यंत्रणेला शिवणकामाच्या दुकानावरची अक्षरं किती इंचांची ते कळतं, तिला आभाळ झाकणारा फलक दिसत नाही, असं कसं होईल? दिसतो. पण त्याच्याबद्दल बोलायचा अधिकार आपला नाही, असं म्हणायची मुभा प्रत्येकाला आहे. लहान दुकानदाराला ही मुभा नाही. त्याला चारही धनी एकदम भेटू शकतात.

अनधिकृत फलकांबद्दल तर साताऱ्यातून सुरू झालेल्या एका जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये सविस्तर निकाल दिलेला आहे, सगळ्या महापालिकांना आणि नगरपरिषदांना. त्यानंतर चौकाचौकांत वाढदिवसाचे फ्लेक्स किती कमी झाले, ते इथून घरी जाताना बघा. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मात्र मराठी अक्षरं भरपूर मोठी असतात, तिथे कुणाची तक्रार नाही.

रस्त्याकडे वळतो. वेळ कमी आहे, पण हा मजकूर लहान आहे.

११ डिसेंबर २०२१. पुणे महापालिकेने ‘पादचारी दिन’ म्हणून लक्ष्मी रस्त्याचा गरुड गणपती चौकापर्यंतचा तुकडा दिवसभर वाहनांना बंद ठेवला. पुढेही तो दिवस होत राहिला. आम्ही गेलो होतो. कुंड्या, बाकडी, रांगोळी, मुलांचे खेळ, गाणी. लक्ष्मी रस्त्याच्या मधोमध उभं राहून वरच्या मजल्यांकडे बघायचं सुख आम्हाला एरवी फक्त विसर्जनाच्या दिवशी मिळतं, आणि तेव्हा मान वर करायला जागा नसते. जुन्या लाकडी गॅलऱ्या, त्यांच्यावर चढवलेले चकचकीत फलक, फलकाच्या मागून डोकावणारी एखादी कोरीव कमान. पाटी आणि रस्ता हे दोन विषय आम्ही एकत्र घेतले ते त्या दिवसामुळे. रस्ता बंद झाला तेव्हा पाट्या वाचता आल्या.

तेव्हा दिवस चांगला होता, यात वाद नाही. मजकूर वाचू. वाहतूक बदलाचं निवेदन ज्या साच्यात येतं, तो आपल्या सगळ्यांना पाठ आहे. अमुक ते अमुक चौक वाहनांस बंद. पर्यायी मार्ग पुढीलप्रमाणे. नागरिकांनी सहकार्य करावे. या मजकुरात कर्ता कोण आहे? वाहन. पर्यायी मार्ग कुणाला? वाहनाला. पादचारी दिनाच्या निवेदनातसुद्धा ज्याच्याशी बोललं जातं तो गाडीवालाच. चालणाऱ्याला त्यात वाक्य नाही. माल घेऊन येणाऱ्या टेम्पोला किती वाजेपर्यंत सोडणार, हमालाने हातगाडी कुठून न्यायची, गुडघे दुखणाऱ्या आजींनी रिक्षा कुठे सोडायची, पथारीवाल्यांनी त्या दिवशी बसायचं की नाही, यांतल्या एकाचीही त्या साच्यात सोय नाही. पथारीवाल्यांसाठी तर २०१४ चा केंद्राचा कायदा आहे, नगर पथविक्रेता समिती आहे, तिच्यात किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत. रस्ता ज्यांचं दुकान आहे, त्यांना रस्ता बंद करताना विचारायची जागा कायद्याने करून ठेवली आहे. तिथे विचारलं जातं का, एवढंच बघायचं.

व्यापाऱ्यांबद्दलही आम्ही एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. रस्ताबंदीला विरोध करणारा व्यापारी म्हणजे मागासलेला, असं आमच्यासारख्या चालणाऱ्या मंडळींना पटकन वाटतं. पण त्याच्या बाजूने बघा. पादचारी धोरण महापालिकेने २०१६ मध्ये केलं. वाहनतळ धोरण २०१८ मध्ये मुख्य सभेत बरीच कापाकापी होऊन मंजूर झालं आणि वर्षानुवर्षं कागदावर राहिलं. म्हणजे गाड्या लावायची सोय झाली नाही, बससेवा जशी आहे तशी आहे, आणि रस्ता मात्र एका दिवसासाठी बंद. त्याला हा प्रयोग वाटत नाही, सोहळा वाटतो. सोहळ्याला लोक येतात, फोटो काढतात, साडी घेत नाहीत. त्याची शंका चुकीची असेलही. दिल्लीत चांदणी चौकाचा मुख्य रस्ता २०२१ पासून दिवसभर मोटारींना बंद आहे आणि बाजार काही उठला नाही. पण तिथे रस्ता आधी त्या बेताने नव्याने बांधला, मग बंद केला. आपण रोज तोच रस्ता ठेवतो आणि एक दिवस कुंड्या मांडतो. वर्षातला एकच दिवस ‘पादचारी दिन’ असेल, तर उरलेले तीनशे चौसष्ट कुणाचे, हे त्या नावातच कबूल केलेलं आहे.

मुंबईत मार्च २०२२ च्या शेवटी रविवारी सकाळी काही रस्ते बंद ठेवून लोकांना खेळायला, फिरायला द्यायचा उपक्रम सुरू झाला, मरीन ड्राइव्ह वगैरे. लोकांनी उचलून धरला. तो सुरू केला पोलीस आयुक्तांनी. तक्रार नाही, पण निर्णयाचा उगम बघा. रस्ता महापालिकेचा, कल्पना पोलिसांची, आणि त्याच महिन्यात मुंबई महापालिकेचं सभागृह मुदत संपून बरखास्त झालेलं. पुण्याचंही त्याच मार्चमध्ये. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं या दोन्ही शहरांत लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक नव्हता. आम्ही आतापर्यंत जे सांगितलं, मराठी पाट्यांची पथकं, दुप्पट कर, घाटकोपरच्या आधीची आणि नंतरची फलकांची धोरणं, पहिला सोडून बाकीचे पादचारी दिन, हे सगळं त्या प्रशासकाच्या काळात झालं. प्रस्ताव प्रशासनाने मांडायचा आणि मंजूरही प्रशासकानेच करायचा. स्थायी समितीचं कामही तोच माणूस, मुख्य सभेचं कामही तोच.

सभागृहाबद्दल आम्ही भाबडे नाही. उपसूचनेच्या नावाखाली मूळ विषयाशी काडीचा संबंध नसलेल्या गोष्टी चिकटवायची आपली परंपरा आहे, त्यावर वेगळं व्याख्यान होईल. पण समीक्षकाला एक गोष्ट तिथे मिळते, ती प्रशासकाच्या आदेशात मिळत नाही, आणि ती म्हणजे विरोधाचा मजकूर. कोण उठून काय म्हणालं, कुणी विरोधात हात वर केला. याच पुण्याच्या नगरपालिकेत महात्मा फुले १८७६ ते १८८३ सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी पैसा खर्च करायचा ठराव आला, तेव्हा तो गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणून त्यांनी विरोध केला. ठराव व्हायचा तो झाला. पण दीडशे वर्षांनी आपण त्या विरोधाबद्दल बोलू शकतो, कारण विरोध करायला एक जागा होती. दुप्पट मालमत्ता कराला कुणी विरोध केला? लक्ष्मी रस्त्याऐवजी दुसरा रस्ता घ्या, असं कुणी सुचवलं? अशा वाक्यांना त्या चार वर्षांत नोंदवहीच नव्हती. वर्तमानपत्राच्या बातमीत दोन ओळी, तेवढंच.

कुणीतरी चिठ्ठी पाठवली आहे, वाचतो. ‘तुमचा आक्षेप निर्णयांवर आहे की पद्धतीवर?’ दोन्हींवर, पण सारखा नाही. मराठी पाटीचा निर्णय योग्य, त्याचं कलम ढिसाळ, त्याचा दंड चुकीच्या फुटपट्टीने मोजलेला. रस्ता चालणाऱ्यांना देण्याचा निर्णय योग्य, पण तो अजून घेतलेलाच नाही, त्याची वर्षातून एकदा रंगीत तालीम होते. फलकांचा निर्णय मात्र चुकतच आला आहे, आणि तिथे माणसं मेली आहेत.

दुसरी चिठ्ठी. ‘मग आम्ही काय करायचं?’ आम्ही काय केलं ते सांगतो. आमच्या पेठेतल्या पंचवीस-तीस दुकानांच्या पाट्या आम्ही उतरवून घेतल्या, म्हणजे वहीत हो, प्रत्यक्षात नाही. नाव काय, व्यवसायाची ओळ काय, मराठी वर की खाली, अक्षर शिरोरेषेपासून पायापर्यंत किती. दुकानदारांनी आधी आम्हाला कर खात्याची माणसं समजून शटर निम्मं खाली घेतलं. मग कळल्यावर एकाने आतून आजोबांच्या वेळची लाकडी पाटी काढून दाखवली, हाताने रंगवलेली, उकार सुद्धा नीट पोटात घेतलेले. ती त्याने बारा-पंधरा वर्षांपूर्वी फ्लेक्स लावताना उतरवली होती. आता ती पुन्हा लावायची तर परवाना लागेल का, कुठल्या खात्याचा, आणि फी पडेल का, असं त्याने आम्हाला विचारलं. तो प्रश्न आम्ही लेखी दिलेला आहे. पोच मिळाली आहे.